गव्हातील रुंद पानांची तणे आणि निवडक तणनाशके

गव्हाच्या पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेचे पाणी दिले जाते. या पाण्याने पीक जोमाने वाढू लागते, आणि त्याच पाण्यावर चाकवत, चांदवेल, माठ, पिवळा धोतरा यांसारखी रुंद पानांची तणेही वर येतात. पिकास दिलेल्या खतपाण्यात ही तणे वाटेकरी होतात. पेरणीपासूनचे पहिले ३० ते ४५ दिवस शेत स्वच्छ राहिले, तर पुढे उगवणाऱ्या तणांचा पिकास फारसा उपद्रव होत नाही. परंतु नेमक्या याच दिवसांत कापसाची वेचणी, कांद्याची लागवड आणि फळबागांतील कामे एकदम येतात व खुरपणीस माणसे मिळेनाशी होतात. यास्तव अनेक शेतकरी निवडक तणनाशकांकडे वळले आहेत.

ही औषधे उपयुक्त आहेत यात शंका नाही. तथापि त्यांच्यासंबंधी एक गैरसमज गावोगाव आढळतो, आणि तो दूर करणे हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे. 'निवडक' या शब्दावरून पुष्कळांची अशी समजूत होते, की हे औषध पीक कोणते व तण कोणते हे ओळखून केवळ तणास मारते. वस्तुतः त्यास तशी ओळख नसते. २,४-डी सारखे औषध गवतवर्गीय वनस्पती आणि रुंद पानांची वनस्पती एवढाच भेद करते. गव्हातील चाकवत, बांधावरील तूर, शेजारची कपाशी आणि ओढ्यापलीकडील द्राक्षबाग ही सर्व त्याच्या दृष्टीने एकाच वर्गातील होत. म्हणून औषधाने केलेली निवड अपुरी असते. योग्य वेळ, योग्य मात्रा आणि योग्य जागा यांची निवड शेतकऱ्यासच करावी लागते.

या औषधांचा पूर्वइतिहास

पिकास न दुखवता तण मारण्याची कल्पना फ्रान्समधील एका द्राक्षबागेतून निघाली. १८९६ साली तेथे वेलींवर बोर्डो मिश्रण फवारले जात असता त्याचे तुषार जवळच्या रानमोहरीवर पडले व तिची पाने काळी पडली. त्यावरून बॉने या गृहस्थांनी मोरचुदाच्या द्रावणाने धान्याच्या शेतातील रानमोहरी मारता येते, असे दाखविले. पुढे गंधकाम्लाचाही असाच उपयोग करण्यात आला. ही औषधे पान जाळीत. मुळापर्यंत पोहोचत नसत.

खरी क्रांती झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. वनस्पतींच्या वाढीचे नियमन करणाऱ्या द्रव्यांचा अभ्यास इंग्लंड व अमेरिका या देशांत चालू होता. त्यातूनच २,४-डायक्लोरोफिनॉक्सी ॲसिटिक ॲसिड, म्हणजे संक्षेपाने २,४-डी, आणि त्याच जातीचे एमसीपीए ही औषधे पुढे आली. १९४५ नंतर ती जगभर शेतकऱ्यांच्या हाती पडली.

भारतात रसायनाने तण मारण्याचा पहिला प्रयत्न १९३७ साली पंजाबात, रानकरडईवर सोडियम आर्सेनाइट वापरून झाला. १९५२ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने भात, गहू व ऊस या पिकांतील तणांच्या अभ्यासाची योजना अनेक राज्यांत सुरू केली, आणि १९८९ साली जबलपूर येथे तणशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. म्हणजे हे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. नवे आहे ते एवढेच, की मजुरीच्या अडचणीमुळे ही औषधे आता लहान शेतकऱ्याच्या हाती आली असून ती वापरण्याचा अनुभव मात्र सर्वांना सारखा नाही.

तण मरते व गहू वाचतो, ते कसे

वनस्पतीच्या शरीरात वाढ घडवून आणणारे एक द्रव्य असते. त्यास ऑक्सिन म्हणतात. ते अत्यल्प प्रमाणात असते व त्याचे प्रमाण वनस्पती स्वतः राखते. २,४-डी हे या ऑक्सिनसारखे वागणारे औषध आहे. पानांतून ते आत शिरते, अन्नरसाबरोबर शेंड्याकडे व मुळांकडे जाते आणि तेथे भलतीच, बेसुमार वाढ सुरू करते. एक-दोन दिवसांत तणाचा शेंडा पिळवटतो, देठ वाकडे होतात, खोड सुजून ठिकठिकाणी चिरते. अन्नरस वाहून नेणाऱ्या नळ्या दबून बंद होतात आणि दोन-तीन आठवड्यांत झाड मरते.

गव्हास हा अपाय न होण्याची कारणे तीन आहेत. गव्हाचे पान अरुंद व उभे असून त्यावर मेणचट थर असतो, म्हणून औषधाचे थेंब पुष्कळसे ओघळून जातात. चाकवताचे पान मात्र आडवे पसरलेले असल्यामुळे थेंब धरून ठेवते. दुसरे असे, की रुंद पानांच्या झाडाचा वाढीचा कोंब शेंड्यावर उघडा असतो, तर गव्हाचा कोंब फुटव्यांच्या अवस्थेत पानांच्या आवरणात, जमिनीलगत सुरक्षित असतो. तिसरे व सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे, आत शिरलेल्या औषधात बदल करून ते निरुपद्रवी करण्याची शक्ती गव्हाच्या पेशींत आहे.

ही तीनही संरक्षणे ठरावीक मर्यादेतच उपयोगी पडतात, हे ध्यानात ठेवावे. मात्रा दुप्पट केली किंवा कोंब वर चढू लागल्यावर फवारणी केली, तर गहूही वाचत नाही.

प्रथम तणाची ओळख

औषध विकत घेण्यापूर्वी शेतात फिरून तणे पाहावीत. चाकवत, माठ, रानपालक, पिवळा धोतरा, दुधी, गाजरगवत ही रुंद पानांची तणे लहान असताना २,४-डी ने आटोक्यात येतात. चांदवेलीचा वरचा भाग मरतो; परंतु तिची मुळे खोल असल्यामुळे ती पुन्हा फुटते व दुसऱ्या वर्षीही लक्ष ठेवावे लागते.

हरळी, कुंदा व इतर गवते यांवर या औषधाचा इष्ट परिणाम होत नाही. लव्हाळ्याच्या जमिनीतील गाठीही त्याने नष्ट होत नाहीत. शेतात मुख्य उपद्रव हरळीचा असताना २,४-डी फवारणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. इतकेच नव्हे, तर रुंद पानांची तणे गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत गवते अधिकच माजतात. हरळी व कुंदा यांसाठी उन्हाळ्यातील खोल नांगरट करून काशा वेचणे हाच खात्रीचा उपाय आहे.

गव्हात मोहरीचे तास किंवा हरभऱ्याचे आंतरपीक असेल, तर ही औषधे अजिबात वापरू नयेत. मोहरी व हरभरा ही दोन्ही रुंद पानांची पिके आहेत आणि ती तणाबरोबरच नष्ट होतील. अशा शेतात खुरपणीस पर्याय नाही.

फवारणीची वेळ

पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी, फुटवे फुटलेले असताना आणि कांडी धरण्यापूर्वी फवारणी करावी. या वेळी बहुतेक तणे दोन ते पाच पानांची असतात व थोड्या औषधाने मरतात.

यापेक्षा लवकर, म्हणजे गहू तीन-चार पानांचा होण्यापूर्वी फवारल्यास पाने कांद्याच्या पातीसारखी गुंडाळलेली निघतात आणि पुढे ओंब्या वेड्यावाकड्या होतात. कांडी धरल्यानंतर फवारल्यास ओंबीत दाणे भरत नाहीत. अशा शेतातील पीक वरून हिरवेगार दिसते. नुकसान मळणीच्या वेळी कळते. दिवस मोजण्याबरोबरच काही रोपे उपटून पाहावीत. खोड बोटांनी दाबून पाहिले असता तळाशी पहिली गाठ हातास लागू लागली, तर वेळ निघून गेली असे समजून फवारणीचा विचार सोडून द्यावा व मोठी तणे हाताने उपटावीत.

फवारणीच्या वेळी जमिनीत ओल असावी. पाण्याअभावी सुकलेले तण औषध नीट शोषून घेत नाही. पाणी दिल्यानंतर पाय रुतणार नाही इतका वाफसा आला, की फवारणी करावी. पुढील सहा-आठ तासांत पावसाची चिन्हे असल्यास काम पुढे ढकलावे.

औषध कोणते व किती

२,४-डी बाजारात तीन रूपांत मिळते. सोडियम क्षार ही पाण्यात विरघळणारी भुकटी असते. अमाईन क्षार हे पाण्यात मिसळणारे द्रव औषध आहे. एस्टर हे तेलकट असून पाण्यात मिसळल्यावर दुधासारखे पांढरे दिसते. एस्टर पानात लवकर शिरते हे खरे. परंतु त्याची वाफ होते व ती वाऱ्याबरोबर दूर जाते. ज्या गावात कपाशी, द्राक्षे, टोमॅटो, मिरची वा कडधान्ये जवळपास आहेत, तेथे एस्टर वापरू नये. तेथे सोडियम किंवा अमाईन क्षारच घ्यावा, आणि तोही पुढे सांगितलेल्या काळजीने.

गव्हास हेक्टरी सुमारे अर्धा किलो क्रियाशील घटक पुरतो. ८० टक्के सोडियम क्षाराच्या भुकटीत हे प्रमाण ६२५ ग्रॅम, म्हणजे एकरी २५० ग्रॅम होते. ५८ टक्के अमाईन क्षार असल्यास हेक्टरी सुमारे ८६० मिलिलिटर, म्हणजे एकरी सुमारे ३४५ मिलिलिटर लागतो. पाणी हेक्टरी ५०० ते ६०० लिटर घ्यावे. विहिरीचे पाणी जड असल्यास सोडियम क्षाराचा साका बसून नोझल तुंबतात. म्हणून शक्यतो गोडे पाणी वापरावे व ते फडक्यातून गाळून घ्यावे.

मेटसल्फ्युरॉन मिथाईल हे दुसरे औषध आता पुष्कळ प्रमाणात वापरले जाते. ते वनस्पतीस आवश्यक असलेल्या काही अमिनो आम्लांची निर्मिती बंद पाडते. २० टक्के भुकटी हेक्टरी केवळ २० ग्रॅम, म्हणजे एकरी ८ ग्रॅम लागते. इतकी अल्प मात्रा पाहून 'एवढ्याने काय होणार' असे वाटते व शेतकरी ती वाढवितो. हा मोह कटाक्षाने टाळावा. या औषधाचा परिणाम सावकाश दिसतो. तणाची वाढ प्रथम थांबते, मग ते पिवळे पडते आणि दोन-तीन आठवड्यांनी मरते. चार दिवसांत तण मेले नाही म्हणून पुन्हा फवारू नये.

गवतांसाठी वापरले जाणारे सल्फोसल्फ्युरॉन हे औषध जमिनीत काही काळ टिकून राहते. ते वापरलेल्या गव्हानंतर त्याच शेतात ज्वारी किंवा मका घेऊ नये. उन्हाळी चाऱ्याचा बेत असणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर पिकाचे नाव, मात्रा व पाण्याचे प्रमाण छापलेले असते. सर्व उत्पादनांची तीव्रता सारखी नसते, तेव्हा घेतलेल्या डब्यावरील मात्राच अंतिम मानावी. ज्या औषधाच्या लेबलावर गव्हाचे नाव नाही, ते गव्हावर वापरू नये. विक्रेत्याकडून पक्की पावती घ्यावी व लेबल हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे.

एका गुंठ्यावरून माप काढण्याची रीत

मात्रा बरोबर असूनही फवारणारा माणूस सावकाश चालला तर शेतात औषध जास्त पडते, आणि भरभर चालला तर कमी. म्हणून प्रत्येकाने आपल्या चालीचे माप काढणे आवश्यक आहे. यास खर्च काहीच नाही.

शेतात ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौकोन आखावा. हा बरोबर एक गुंठा झाला. पंपात मोजून १० लिटर साधे पाणी भरावे व नेहमीच्या चालीने हा गुंठा फवारावा. उरलेले पाणी मोजावे. समजा ५ लिटर उरले, तर एका गुंठ्यास ५ लिटर लागले. एकराचे ४० गुंठे, म्हणून एकरास २०० लिटर. हे प्रमाण हेक्टरी ५०० लिटर इतके होते व ते योग्य आहे. पाणी यापेक्षा बरेच कमी-अधिक लागल्यास चाल बदलावी व पुन्हा मोजून पाहावे.

आता एका एकराचे औषध एका बादलीत थोड्या पाण्यात नीट कालवावे आणि त्यात पाणी घालून द्रावण बरोबर ४ लिटर करावे. या ४ लिटरांपैकी प्रत्येक गुंठ्यास १०० मिलिलिटर द्रावण येते. १५ लिटरच्या पंपात ३ गुंठे होतात, म्हणून प्रत्येक पंपास ३०० मिलिलिटर द्रावण मापाने घालावे. पंप प्रथम निम्मा पाण्याने भरावा, मग द्रावण घालावे व नंतर पंप पूर्ण भरावा. द्रावण दर वेळी काढण्यापूर्वी ढवळावे आणि त्याच दिवशी संपवावे. 'पंपाला दोन झाकणे' असे माप तणनाशकास चालत नाही. झाकणे लहान-मोठी असतात आणि येथे थोडी चूकही पिकास भोवते.

नोझल फ्लॅट फॅन, म्हणजे पंख्यासारखा चपटा फवारा देणारा असावा. कीटकनाशकासाठी वापरला जाणारा गोल फवाऱ्याचा नोझल बारीक तुषार उडवितो व ते वाऱ्याने वाहून जातात. पंपाचा दाब कमी ठेवावा, नोझल पिकापासून सुमारे दीड फूट उंचीवर धरावा आणि हात दोन्ही बाजूंस न हलविता सरळ पट्ट्यात चालावे. एका पट्ट्यावर दोनदा फवारणी होऊ देऊ नये. ड्रोनने फवारणी करून देणारे लोकही आता गावात येतात. परंतु ड्रोनचे तुषार बारीक असतात व उंचीवरून पडतात. आसपास संवेदनशील पिके असताना ही तणनाशके ड्रोनने फवारू नयेत.

शेजाऱ्याचे पीक

या विषयातील सर्वांत नाजूक बाब हीच आहे. निफाडसारख्या तालुक्यात गव्हाचे शेत व द्राक्षाची बाग यांमध्ये पुष्कळदा एकच बांध असतो. ऑक्टोबरात छाटलेल्या बागा गव्हावर फवारणी करण्याच्या वेळी फुलोऱ्यात किंवा मणी धरण्याच्या अवस्थेत असतात. २,४-डी ला अत्यंत संवेदनशील असलेल्या पिकांत द्राक्षवेलीची गणना होते. गव्हास दिलेल्या मात्रेचा अगदी अल्प अंश तिच्यावर गेला, तरी नवी पाने पंख्यासारखी आक्रसतात, शिरा एकत्र येतात, शेंडा थांबतो व मणी गळतात. वर्षाचा खर्च केलेली बाग शेजाऱ्याच्या एका दुपारच्या फवारणीने बिघडू शकते.

विदर्भ, मराठवाडा व खानदेशात हाच धोका कपाशीस आहे. बाधा झालेल्या कपाशीची नवी पाने लांबट, चिरलेली, भेंडीच्या पानासारखी दिसू लागतात. पुष्कळदा हा रोग समजून शेतकरी निरनिराळी औषधे फवारतो व खर्च वाढवितो. ध्यानात ठेवावे, की या बाधेवर उतारा म्हणून कोणतेही औषध नाही. बाधा सौम्य असल्यास पाणी व खत यांची योग्य जोड मिळाल्यावर झाड काही आठवड्यांत नवी फूट काढते. तीव्र असल्यास ते पीक सुधारत नाही.

म्हणून पुढील नियम कसोशीने पाळावेत :

१. फवारणीपूर्वी चारही बांधांवर फिरून शेजारी कोणते पीक आहे ते पाहावे व शेजाऱ्यास आदल्या दिवशी कळवावे.

२. मूठभर कोरडी माती वर उडवून वाऱ्याची दिशा पाहावी. वारा संवेदनशील पिकाकडे वाहत असल्यास त्या दिवशी फवारू नये. झाडाच्या लहान फांद्या हलण्याइतका वारा असल्यास तर फवारणी पूर्णपणे बंद ठेवावी.

३. पहाटे धुके जमिनीलगत थांबलेले असताना वारा नसला तरी फवारू नये. अशा वेळी बारीक तुषार खाली न बसता हवेत तरंगतात व तसेच दूर जातात. धुके विरल्यावर, मंद व एकाच दिशेने वाहणाऱ्या वाऱ्यात काम करावे.

४. भर उन्हात फवारू नये. उष्णतेने वाफ अधिक होते.

५. शेजारी द्राक्षे, कपाशी, टोमॅटो वा कडधान्ये असल्यास त्या बाजूची रुंद पट्टी फवारणीवाचून सोडावी व तेवढ्या भागाची खुरपणी करावी. बाग अगदी लागूनच असल्यास २,४-डी वापरूच नये.

पट्टी खुरपण्यास दोन बायांची एका दिवसाची मजुरी लागेल. शेजाऱ्याच्या बागेची भरपाई किती द्यावी लागेल, आणि एका बांधावरचे दोन कुटुंबांचे संबंध किती वर्षांनी पूर्ववत होतील, याचा हिशेब त्यापुढे मांडून पाहावा.

पंप वेगळा ठेवावा

वाऱ्याइतकेच नुकसान न धुतलेल्या पंपाने होते. गव्हावर २,४-डी फवारलेला पंप वरवर विसळून त्याच पंपाने पुढे टोमॅटोवर कीटकनाशक फवारले, की टाकीच्या कडांस, रबरी नळीत व वायसरात राहिलेला अंश पिकावर जातो. मग दोष कीटकनाशकास दिला जातो.

तणनाशकाचा पंप स्वतंत्र असावा हे उत्तम. त्यावर लाल रंगाचा ठळक पट्टा ओढावा, म्हणजे घरातील कोणीही तो चुकून दुसऱ्या कामास घेणार नाही. प्रत्येकास दुसरा पंप घेणे शक्य नसल्यास चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक पंप घ्यावा. तेही जमत नसेल, तर पंप तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावा, नंतर त्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी भरून ते नळीतून व नोझलमधून थोडे काढावे व रात्रभर तसेच ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन-तीन वेळा धुवावा. धुवण ओढ्यात, विहिरीजवळ वा जनावरांच्या पाण्याच्या हौदाजवळ टाकू नये. ते पडीक जागेत ओतावे.

ज्वारी व भात

ज्वारीही गवतवर्गीय असल्यामुळे तीत २,४-डी वापरता येते; परंतु आपल्याकडे निव्वळ ज्वारी क्वचितच असते. खरिपात तिच्यात तुरीचे व रब्बीत करडईचे तास असते. अशा शेतात हे औषध वापरू नये.

ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला मात्र स्वतंत्र विचार करण्यासारखा आहे. तो जमिनीवर दिसण्यापूर्वीच ज्वारीच्या मुळास चिकटून रस शोषीत असतो. म्हणून वर आलेल्या टारफुल्यावर औषध फवारल्याने त्या वर्षीचे नुकसान पुरतेपणी टळत नाही. त्याचे बी धरणे मात्र थांबते. एक झाड हजारो बारीक बिया टाकते व त्या जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतात, हे लक्षात घेता फुलावर येण्यापूर्वी तो मारणे वा उपटून जाळणे हे पुढील वर्षांच्या दृष्टीने मोलाचे आहे.

भातात रोवणीनंतर तीन-चार आठवड्यांनी, बांधीतील पाणी काढून फवारणी केली जाते. तेथे धुऱ्यावरच्या तुरीचा विसर पडू नये. कोकणात वालाच्या वा भाजीपाल्याच्या वाफ्यांची काळजी घ्यावी.

फवारणाऱ्याची काळजी

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. तणनाशक झाडावरचे औषध आहे, माणसास त्याचे काय, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. २,४-डी डोळ्यांस तीव्र इजा करू शकते, आणि २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवास कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांत त्याचा समावेश केला आहे.

औषध कालवताना रबरी हातमोजे व डोळ्यांस चष्मा अवश्य वापरावा. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायांत बूट आणि तोंडास स्वच्छ कापड असावे. तंबाखू, विडी व जेवण हात साबणाने धुतल्यावरच. तुंबलेला नोझल तोंडाने फुंकू नये. काम संपल्यावर आंघोळ करावी व ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. मुले व गरोदर स्त्रिया यांना या कामापासून दूर ठेवावे. मळमळ, चक्कर वा डोळ्यांची आग झाल्यास फवारणी ताबडतोब थांबवून रुग्णास दवाखान्यात न्यावे, आणि औषधाचे लेबल बरोबर घ्यावे.

फवारलेल्या शेतातील चाकवत वा माठ भाजीसाठी खुडू नये. खुरपणीच्या वेळी ही भाजी घरी नेण्याची स्त्रियांची रीत आहे. म्हणून फवारणी झाल्याचे घरात व मजुरांस स्पष्ट सांगावे. ते तण जनावरांपुढेही टाकू नये. रिकाम्या डब्यांस भोके पाडून ते निरुपयोगी करावेत. घरात पाणी वा धान्य ठेवण्यास कधीही वापरू नयेत.

केवळ औषधावर विसंबू नये

एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. हरियाणा व पंजाबात गव्हातील गुल्लीदंडा या गवतावर आयसोप्रोट्युरॉन हे औषध दीर्घकाळ वापरले गेले. १९९० नंतरच्या काही वर्षांत त्या गवतावर औषधाचा परिणाम होईनासा झाला. ज्या थोड्या रोपांत औषध पचविण्याची शक्ती होती, ती वाचली, त्यांचेच बी वाढत गेले व शेते त्यांनीच भरली. पुढे हरियाणात रानपालकाच्या वर्गातील तणाने मेटसल्फ्युरॉनलाही दाद न दिल्याचे आढळले आहे.

यास्तव औषध आलटून पालटून वापरावे आणि गव्हानंतर पुन्हा गहू न घेता फेरपालट करावी. तणाचे बी नसलेले स्वच्छ बियाणे पेरावे. शेणखत पूर्ण कुजवूनच घालावे, कारण कच्च्या खताबरोबर तणांचे बी शेतात येते. गाजरगवत १९५५ साली पुणे येथे प्रथम दिसले आणि पुढे ते देशभर पसरले. बांध, पाट व रस्त्याच्या कडा यांवरील तण फुलावर येण्यापूर्वी काढले नाही, तर शेतातील फवारणी दर वर्षी करावी लागते. फवारणीतून वाचलेली मोजकी झाडे बी धरण्यापूर्वी हाताने उपटावीत. हे काम थोडे आहे, परंतु ते सोडू नये.

ग्रामकार्यकर्त्यांना सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे फवारणीपूर्वी, एक बैठक घ्यावी. तीत औषधाची माहिती सांगण्याबरोबरच एक गुंठा आखून, साध्या पाण्याने पंपाचे माप काढण्याचे प्रात्यक्षिक शेतातच करून दाखवावे. बैठकीस प्रत्यक्ष फवारणी करणारे मजूर व खुरपणी करणाऱ्या स्त्रिया यांना अवश्य बोलवावे. गावाच्या नकाशावर द्राक्षे, कपाशी, भाजीपाला व कडधान्ये यांची शेते खुणेने दाखवून, कोणत्या बांधालगत औषध वापरू नये हे सर्वांसमक्ष ठरवावे. मात्रेविषयी शंका असल्यास जवळचे कृषी विज्ञान केंद्र वा कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र यांचा सल्ला घ्यावा.

ज्या शेतकऱ्याने पूर्वी हे औषध वापरलेले नाही, त्याने पहिल्या वर्षी सर्व शेतावर न फवारता पाच-दहा गुंठ्यांवर करून पाहावे व शेजारी तेवढाच भाग खुरपून ठेवावा. दोन्ही भागांतील तण, पीक, खर्च व मळणीनंतरचे धान्य मोजून वहीत लिहावे. पुढच्या वर्षी औषध किती क्षेत्रावर वापरावयाचे, हे त्या वहीवरून ठरविता येईल.